एकच पीपीटी सगळ्यांपुढे चालत नाही: नवं अवजार कोणाला कसं दाखवायचं

प्रश्न थोडक्यात असा: कांद्याची पात कापायचं पायपेडलवर चालणारं यंत्र घरच्या घरी तयार केलं आहे. वीस स्लाइडची एक पीपीटी बनवून तीच पेटंट एजंट, फॅब्रिकेशनवाला, कृषी सेवा केंद्र, बँक आणि एका अवजार कंपनीला दाखवली. सगळे ‘छान आहे’ म्हणाले आणि पुढे कुणाचाच फोन आला नाही. कुठे चुकतंय?

‘छान आहे’चा व्यवहारातला अर्थ ‘यातून मला पुढे काय करायचं ते कळलं नाही’ असा घ्यायचा. तुम्ही उठून गेल्यावर या प्रत्येकाला एक कागद तयार करायचा असतो. एजंटाला स्पेसिफिकेशन (पेटंट अर्जातलं शोधाचं सविस्तर वर्णन) लिहायचं असतं, वर्कशॉपवाल्याला कोटेशन द्यायचं असतं, दुकानदाराला दरपत्रकात एक ओळ घालायची असते, बँकेतल्या अधिकाऱ्याला मंजुरीची टिपणी करायची असते आणि कंपनीतल्या माणसाला त्याच्या वरिष्ठांना ईमेल पाठवायचा असतो. त्या कागदाला लागणारा मजकूर तुमच्या बोलण्यातून मिळाला नाही, की तुमची फाइल टेबलाच्या कडेला जाते. वीस स्लाइडमध्ये ‘भारतात 14 कोटींवर खातेदार, त्यातल्या एक टक्क्यांनी घेतलं तरी...’ असं गणित असेलच. ते यांच्यापैकी एकाच्याही कागदात बसत नाही.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. अर्ज दाखल करण्यापूर्वीच तुम्ही हे चार-पाच जणांना दाखवलं आहे. त्यांच्याकडून गोपनीयतेची लेखी हमी घेतली होती का, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरला का, यंत्राचे एक-दोन नग विकले का, हे तारखांसकट लिहून काढा आणि एजंटाला पहिल्याच भेटीत सांगा. भारतीय पेटंट कायद्यात अर्जाआधी जाहीर झालेल्या गोष्टीला सवलत आहे, पण ती फार अरुंद आहे. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं तर 12 महिन्यांच्या आत अर्ज करता येतो; तालुक्याच्या कृषी महोत्सवाला ही सवलत आपोआप लागू होत नाही. शेतातल्या चाचणीसाठी उघड्यावर चालवण्याचीही थोडी मुभा आहे, पण तिच्या भरवशावर बसू नका. यूट्यूबवर व्हिडिओ टाकलेला असेल तर तो आता काढून फारसा उपयोग नाही, मात्र एजंटापासून लपवू नका. परीक्षकाला तो सापडला तर दुरुस्तीला वाव उरत नाही.

आता एजंटापुढे काय मांडायचं. ‘माझ्या यंत्राने वेळ वाचतो, कष्ट वाचतात’ या वाक्यातून त्याला एकही क्लेम (नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारं वाक्य) लिहिता येत नाही. पेटंट कायदा 1970 च्या कलम 3 मध्ये कशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी आहे. त्यातली दोन पोटकलमं शेती अवजारवाल्यांना हमखास आडवी येतात. 3(एच) प्रमाणे शेतीची किंवा बागायतीची पद्धत पेटंटयोग्य नाही, म्हणून क्लेम पात कापायच्या पद्धतीवर न ठेवता यंत्रावर ठेवायचा. 3(एफ) प्रमाणे माहीत असलेले सुटे भाग नुसते शेजारी शेजारी मांडले आणि प्रत्येक भाग आपापलं जुनंच काम करत राहिला, तर तो शोध ठरत नाही. पेडल जुनं, पातं जुनं, स्टँड जुना, आक्षेप येणारच. म्हणून एजंटाला सांगायचं असतं ते एका भागामुळे दुसऱ्या भागाचं काम कसं बदलतं हे.

उदाहरणादाखल असं समजा की तुमच्या यंत्रात खाच असलेली पट्टी आहे. कांदा उलटा धरून पात खाचेतून खाली सोडायची, कांदा पट्टीवर टेकतो आणि खालून पातं फिरतं. मग मांडणी अशी करा: ‘खाच 18 मिमी रुंद आहे. पट्टीच्या वरच्या पृष्ठभागापासून पातं 25 मिमी खाली आहे. 30 मिमी व्यासाची गोल्टी (लहान कांदा) या खाचेत साधारण 3 मिमी उतरते, 70 मिमीचा कांदा जेमतेम 1 मिमी. त्यामुळे कांदा लहान असो की मोठा, मान (कांद्यावर राहिलेला पातीचा बुडखा) 22 ते 24 मिमी उरते. विळ्याने कापताना ती अंदाजाने ठेवावी लागते. मान फार आखूड कापली तर तिथून सड आत शिरते आणि साठवणीच्या चाळीतला कांदा खराब होतो.’ यात माप, कारण आणि परिणाम तिन्ही आले. एजंटाला क्लेमचा गाभा मिळाला. शिवाय ‘खाच 14 ते 22 मिमी, अंतर 20 ते 30 मिमी चालेल’ अशी चालणारी श्रेणी सांगा, नाहीतर क्लेम तुमच्या एका मॉडेलपुरताच राहतो आणि शेजारचा 19 मिमीची खाच करून मोकळा होतो.

सोबत हाताने काढलेल्या तीन-चार आकृत्या न्या, प्रत्येक भागाला क्रमांक देऊन. इनपास या सरकारी शोधयंत्रावर आणि गूगल पेटंट्सवर स्वतः शोधून सगळ्यात जवळचे तीन-चार जुने अर्ज न्या आणि प्रत्येकाखाली एका ओळीत ‘यात काय नाही’ ते लिहा. कल्पनेतला कोणता भाग कुणाचा, हेही प्रामाणिकपणे सांगा. मित्राचं नाव ‘बरं दिसतं’ म्हणून अर्जदारांत घातलं, तर वेगळा करार नसल्यास तो समान हिस्सेदार होतो आणि त्याच्या संमतीशिवाय तुम्हाला कुणाला लायसन्स (यंत्र बनवायचा-विकायचा परवाना) देता येत नाही. मैत्री तुटल्यावर हे कलम आठवतं.

खर्चाचा अंदाज आधीच ठेवा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे (30 पानं आणि 10 क्लेमपर्यंत), परीक्षणाच्या विनंतीची 4,000 रुपये. एजंटाची फी वेगळी. यंत्रात अजून बदल होणार असतील तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा, मग पूर्ण स्पेसिफिकेशनला 12 महिने मिळतात. परीक्षणाची विनंती नव्या नियमांप्रमाणे 31 महिन्यांच्या आत करायची. पूर्वी 48 महिने होते, त्यामुळे जुन्या पुस्तकावर विसंबू नका. यंत्राचं बाह्यरूप वेगळं असेल तर डिझाइन नोंदणीही विचारा, ती 10 वर्षांसाठी मिळते आणि पुढे 5 वर्षं वाढते. परदेशात अर्ज करायचा मनात असेल तर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं किंवा पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

अर्जाचा क्रमांक हातात आला की मगच वर्कशॉप. इथली नेहमीची चूक म्हणजे नमुना टेबलावर ठेवून ‘असंच करून द्या’ म्हणणं. फॅब्रिकेटर मग तुमच्या नमुन्याची मापं घेतो, त्यातल्या वाकड्या वेल्डिंगसकट. त्याला हवं असतं ते असं: पत्र्याच्या भागांची डीएक्सएफ फाइल (कटिंगसाठीचं सपाट रेखाचित्र), जोडणीची स्टेप फाइल (त्रिमितीय मॉडेल), मापांसह छापील ड्रॉइंग आणि सुट्या भागांची यादी (बेअरिंग 6203-2आरएस चार, स्प्रिंग एक, एम8 बोल्ट बारा, अशी). दर विचारताना 5, 50 आणि 500 नगांचा वेगवेगळा विचारा, माल तुमचा की त्याचा ते स्पष्ट करा. एकाच संख्येचा दर मागितला तर तो सुरक्षित म्हणून चढाच सांगतो.

प्रत्येक मापावर ±0.1 लिहू नका. कोटेशन दुप्पट होतं आणि समोरच्याला कळतं की तुम्हाला यातलं माहीत नाही. तुमच्या यंत्रात जीव कशात आहे? पट्टी ते पातं या 25 मिमीच्या अंतरात. तेवढ्यालाच ±0.5 द्या, बाकी सगळं सर्वसाधारण. आणि ते ±0.5 सुद्धा नुसतं लिहून येत नाही. पट्टीचं बेंडिंग, ब्रॅकेटचं वेल्डिंग, पात्याचा होल्डर अशी तीन ठिकाणची चूक तिथे साठते. एकटं वेल्डिंगच ब्रॅकेटला मिलिमीटर-दोन मिलिमीटर ओढतं. म्हणून ब्रॅकेटला लांबट भोकं ठेवा आणि जुळणी करताना मध्ये 25 मिमीचा ठोकळा ठेवून बोल्ट आवळायला सांगा. हे ड्रॉइंगवर लिहिलेलं दिसलं की वर्कशॉपवाल्याचा सूर बदलतो.

पात्याबद्दल एक. ‘गंजू नये म्हणून एसएस 304’ असं बरेच जण लिहितात. 304 ला पाणी देऊन (तापवून झटकन थंड करून) कडक करता येत नाही, त्यामुळे धार टिकत नाही, आणि कांद्याच्या पातीबरोबर माती येते ती पातं घासून काढते. एसएस 420 घ्या आणि हीट ट्रीटमेंट करून 50 एचआरसीच्या (कडकपणाचं रॉकवेल माप) आसपास कडकपणा मागा. स्टँडला साधा एमएस (माइल्ड स्टील) आणि पावडर कोटिंग पुरे.

प्लास्टिकच्या मुठीसाठी इतक्यात डाय (साचा) करू नका. पहिल्या दोनेकशे नगांना बाजारात मिळणारी रबरी ग्रिप बसवा. पुढे डाय केलीच तर भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, 2.5 ते 3 मिमी, आणि किमान 1 अंशाचा ड्राफ्ट (माल साच्यातून सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) हवा. नाहीतर माल साच्यात अडकतो किंवा वर खड्डे पडतात. ऑर्डरवर दोन वाक्यं नक्की घाला: डायची मालकी तुमची, आणि मागाल तेव्हा ती परत मिळेल. ट्रायल शॉट्सचा (साचा तपासायला काढलेल्या पहिल्या नगांचा) खर्च कोणाचा हेही आधीच ठरवा. बहुतेक भांडणं याच दोन मुद्द्यांवर होतात.

मुकादम आणि कांदा काढणाऱ्या टोळीतल्या बायका यांना कुणी ‘व्यावसायिक’ म्हणत नाही, पण या यंत्राचा सगळ्यात कडक परीक्षक तिथेच बसलेला असतो. त्यांच्यापुढे भाषण नको. यंत्र हातात द्या आणि गप्प उभे राहा. काढणीचं काम बहुतेक उक्तं असतं, त्यामुळे त्यांच्या मनात पहिला प्रश्न ‘यंत्र आलं म्हणून मालक एकराचा दर पाडणार का?’ हाच येतो. त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर यंत्र बांधावर पडून राहील आणि तुम्हाला कारण म्हणून ‘जड आहे’ असं सांगितलं जाईल. जड असेलही, पण ते दुसरं कारण.

चाचणी अशी घ्या: एकाच वावरात, त्याच चौघी, अर्धा दिवस विळा आणि अर्धा दिवस यंत्र, दुसऱ्या दिवशी क्रम उलटा, कारण दुपारी सगळ्यांचाच वेग कमी होतो. माणशी तासाला किती किलो झाले ते वजनकाट्यावर मोजा, आणि कांदे यंत्रापर्यंत आणायचा वेळही त्यात धरा. सगळे शोधक नेमका हाच वेळ विसरतात: विळा माणसाबरोबर वाफ्यात सरकतो, यंत्र एका जागी उभं असतं. मग दोन्ही ढिगांतून न निवडता शंभर-शंभर कांदे उचला आणि 20 मिमीपेक्षा आखूड मान किती, कांद्याला जखम किती, ते मोजा. हा एक पानाचा तक्ता पुढे प्रत्येक टेबलावर चालतो.

कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठातल्या अभियंत्याकडे जाताना हाच तक्ता न्या आणि ‘शिफारस द्या’ म्हणू नका. ‘तुमच्या चाचणीत घ्या’ म्हणा. शिफारस एका माणसाच्या हातात नसते. राज्यातली चार कृषी विद्यापीठं (राहुरी, अकोला, परभणी, दापोली) आपली अवजारं आणि तंत्रं संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीच्या बैठकीत मांडतात, आणि तिथे हंगामांची आकडेवारी लागते. साठवणुकीत फायदा होतो असा दावा असेल तर वेळ अजून लांबतो: उन्हाळी कांदा मार्च ते मे मध्ये निघतो आणि चाळीत पुढे चार-पाच महिने राहतो, म्हणजे सडीचा आकडा सप्टेंबर उजाडल्याशिवाय हाती येत नाही. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. काढणीनंतरच्या हाताळणीचं बोलायचं तर तिथे बोला. अनुदानाच्या यादीत यायचं असेल तर मान्यताप्राप्त चाचणी केंद्राचा अहवाल लागतो, तो मिळायच्या आत दुकानदाराला ‘सबसिडी येणार आहे’ असं सांगू नका. तो ग्राहकाला सांगतो आणि ग्राहक सबसिडीची वाट बघत खरेदी थांबवतो.

दुकानदाराला शोधाशी कर्तव्य नाही. मार्जिन किती, उधारी किती दिवस, परत घेणार का, पातं बोथट झालं तर नवं कुठून आणि केवढ्याला, एवढंच तो विचारतो. हिशेब शेवटच्या किमतीपासून उलटा करून न्या. समजा शेतकऱ्याला 4,200 रुपयांना द्यायचं आहे, त्यात 5 टक्के जीएसटी. करापूर्वीची किंमत 4,000. दुकानदाराचे 20 टक्के म्हणजे 800 गेले, उरले 3,200. मधल्या वितरकाचे 8 टक्के, 256 गेले, उरले 2,944. वाहतूक आणि हमीपोटी 200 काढले तर 2,744. त्यात तुम्हाला 20 टक्के उरायचे असतील तर यंत्र 2,200 रुपयांच्या आत बनायला हवं. तुमचा नमुना साडेतीन हजारांत बनला असेल तर दुकानात जायच्या आधी परत वर्कशॉपला जा.

जीएसटीत एक खोच आहे. हातात धरून वापरायची शेतीची साधी अवजारं 8201 या एचएसएन (जीएसटीसाठी मालाचं वर्गीकरण) शीर्षकात येतात आणि त्यांवर कर शून्य आहे. काढणीची यंत्रं 8433 मध्ये येतात, तिथे 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के. ‘शून्य करात बसवू’ असा मोह होतो. पण विक्रीवर कर नसेल तर लोखंड आणि लेझर कटिंगवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही, ते तुमच्या खर्चात जातं. वर्गीकरण यंत्र काय आहे यावर ठरतं, आपल्या सोयीवर ठरत नाही. सीएकडून लेखी घ्या. खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन छापलेला हवा. आत दोन जादा पाती आणि एक पान टाका. त्या दोन पात्यांमुळे पहिल्या हंगामातले निम्मे फोन वाचतात.

बँकेत मुळात ‘नवीन’ हा शब्द जपून वापरा; कर्ज देणाऱ्याच्या कानाला तो ‘जोखीम’ असा ऐकू येतो. तिथे मशिनरीची कोटेशनं, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), दुकानदारांची लेखी मागणी आणि महिन्यावार रोख आवक-जावक द्या. माल वर्षात तीनच महिने विकला जाणार असेल तर हप्ता सप्टेंबरात कशातून भरणार, हे त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही सांगा. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या कर्ज-अनुदान योजनेत उत्पादन उद्योगाची प्रकल्पमर्यादा 50 लाख, अनुदान ठिकाण आणि प्रवर्गाप्रमाणे 15 ते 35 टक्के, स्वतःचा वाटा 5 ते 10 टक्के. पण हे पैसे कारखाना उभारायला असतात. नमुन्यावरच काम बाकी असेल तर नमुना बनवायला पैसे देणाऱ्या निधी-प्रयास या सरकारी योजनेच्या केंद्राकडे जा (10 लाखांपर्यंत), आणि तांत्रिक शिक्षण नसलेल्या शोधकाने गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानशी आधी बोलावं. ते पेटंटसाठीही मदत करतात.

आता अवजार कंपनी. मोठ्या कंपन्या पहिल्या भेटीत गोपनीयतेच्या करारावर सही करत नाहीत, आणि त्यात लबाडीच असते असं नाही: त्यांच्या स्वतःच्या विभागात तशाच कशावर काम चालू असेल तर उद्या तुम्ही दावा लावाल ही त्यांना धास्ती. म्हणून पहिला कागद गुपित नसलेलाच पाठवायचा. यंत्र काय करतं ते सांगायचं, कसं करतं ते नाही. साधारण असा:

‘उन्हाळी कांद्याची पात कापण्यासाठी पायपेडलवरचं यंत्र. वीज-इंजिन नाही, वजन इतके किलो. लहान-मोठ्या कांद्याला मान 20 ते 25 मिमी राहते. विळ्याशी तुलना करून अमुक दिवस, अमुक क्विंटलवर चाचणी, तक्ता सोबत. 500 नगांना उत्पादन खर्च इतका, कोटेशन उपलब्ध. भारतात पेटंट अर्ज दाखल, तारीख अमुक. लायसन्सवर बोलायला तयार आहे. प्रात्यक्षिकाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितल्यास पाठवतो.’

एवढंच. आत्मचरित्र नको, ‘क्रांती’ हा शब्द तर नकोच. हा मजकूर उत्पादन विभागातला माणूस जसाच्या तसा वरिष्ठांना पुढे पाठवू शकतो, त्याला स्वतःहून काही लिहावं लागत नाही.

प्रात्यक्षिकाला त्यांचा अभियंता आला की तो सगळ्यात आधी बोटं कुठे जातात ते बघेल. 18 मिमीच्या खाचेतून मोठ्या माणसाचं बोट सहज आत जातं आणि पातं 25 मिमीवर आहे. हा तुमच्या यंत्राच्या रचनेतला खरा दोष आहे आणि तो तुम्हीच आधी काढून दाखवा: कांदा धरणारी बोटं खाचेपासून लांब राहतील असा कठडा, चुकून पाय पडला तर पेडल दबू नये म्हणून वरचं आवरण, पाय काढला की पातं स्प्रिंगने झाकणीत परत जाणं. ‘शेतकरी सांभाळून वापरतात’ असं म्हणालात तर बैठक तिथेच संपली.

पैशांचं बोलणं टक्क्यांपेक्षा नगावर आणा. कारखान्यातून निघतानाच्या 2,944 रुपयांवर 4 टक्के रॉयल्टी धरली तर नगाला सुमारे 118 रुपये. वर्षाला हजार नग गेले तर 1 लाख 18 हजार. हा आकडा बघून निराश व्हायचं असेल तर वाटाघाटीआधी व्हा. करारात टक्का 4 की 5 यावर घासाघीस करण्यापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टींवर अडून बसा: वर्षाला किमान ठरावीक रॉयल्टी, नग विकले जावोत न जावोत, आणि ठरावीक महिन्यांत उत्पादन सुरू न झाल्यास हक्क तुमच्याकडे परत. नाहीतर कंपनी एकहाती हक्क घेऊन यंत्र कपाटात ठेवते आणि तुम्ही दुसरीकडे जाऊ शकत नाही. करार लेखी हवा, तोंडी लायसन्सला पेटंट कायद्यात आधार नाही. आणि ‘तुमचा शोध कंपन्यांपर्यंत पोहोचवतो, आधी नोंदणीशुल्क भरा’ म्हणणारे भेटतील, त्यांना विचारा की त्यांची कमाई तुमच्या रॉयल्टीतून होते की तुमच्या शुल्कातून.

वेळापत्रक शेवटापासून उलटं मोजा. मार्चमध्ये विकायचं तर दुकानदाराशी बोलणं जानेवारीत, वर्कशॉपला ऑर्डर नोव्हेंबरात, टोळीची चाचणी त्याआधी. उन्हाळ्याचा हंगाम हातचा गेला असेल तर खरिपाच्या कांद्यावर चाचणी घ्यायला हरकत नाही, तो दिवाळीच्या आगेमागे निघू लागतो. फक्त लक्षात ठेवा, त्या कांद्याची पात हिरवी असतानाच तो काढतात आणि मान जाड असते. 18 मिमीच्या खाचेत ती अडकेल. जाताना 22 मिमीच्या खाचेची दुसरी पट्टी बरोबर न्या, आणि ती श्रेणी पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये आली आहे ना, हे एजंटाला आजच फोन करून विचारा.